ऐकू न आलेली जागा

शनिवारच्या बैठकीत मी एकच वाक्य खोटं बोलले. "शेवटी ते घंटीसारखं काहीतरी हळूहळू वर चढत जातं, ती जागा मला सगळ्यात जास्त आवडली." एवढंच. ती जागा मला ऐकू आली नव्हती. माझ्या आधी दोघांनी तिच्याबद्दल सांगितलं होतं आणि त्यांचेच शब्द मागेपुढे करून मी माझे म्हणून सांगितले. त्यानंतरचे काही दिवस मी जेवढी घाबरून होते तेवढी दहावीच्या निकालालाही नव्हते. त्याच दिवसांबद्दल लिहायचा प्रयत्न करते आहे. संगीतातलं मला फार कळत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

ही संगीत ऐकायची बैठक माझ्या कॉलेजच्या शहरात, राजारामपुरीत एका काकांच्या घरी, माडीवरच्या खोलीत भरते. काकांचा सुताचा व्यापार होता, तो आता मुलगा बघतो. तरुणपणी परगावी माल बघायला गेलं की काका तिथून पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या घेऊन यायचे. पुढे कॅसेटी आल्या, सीडी आल्या, आणि आता एक भिंत त्यांनीच भरलेली आहे. घर जैनांचं, सूर्य मावळायच्या आत जेवणारं. त्यामुळे बैठक दुपारी तीनला सुरू होते आणि काहीही वाजत असलं तरी जिन्यातून काकूंची हाक आली की थांबते. "झालं का न्हाई तुमचं? ताटं वाढली हाईत." मग काका तोंड बारीक करून बटण बंद करतात आणि उरलेलं पुढच्या शनिवारी.

मला तिथे हॉस्टेलवरच्या माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने नेलं. ती आजऱ्याची. तिच्या घरी काजू फोडायचं काम आहे आणि ती कुणालाही काहीही विचारू शकते. ती ज्या सरांकडे तबला शिकते ते सर त्या बैठकीला येतात, म्हणून ती जाते, आणि ती जाते म्हणून मी. मला बरं वाटायचं. माझ्या घरातलं कुणी अशा खोलीत कधी बसलेलं नव्हतं.

बैठकीचे नियम दोन. डोळे मिटून ऐकायचं. आणि संपल्यावर प्रत्येकाने आपल्याला आवडलेली एक जागा सांगायची. मोठं काही बोलायचं नाही, फक्त जागा.

त्या शनिवारी काकांनी एका रशियन संगीतकाराची सिंफनी लावली. सिंफनी म्हणजे सत्तर-ऐंशी वादकांनी एकत्र वाजवायची, चार भागांची लांबलचक रचना. लावण्याआधी त्यांनी थोडंसं सांगितलं. ज्याने ही लिहिली त्याच्यावर तेव्हा सरकारची नजर होती. आधीच्या कामावर वर्तमानपत्रातून झोड उठली होती. ओळखीची माणसं घरातून नेली जात होती आणि परत येत नव्हती. अशा वेळी सरकार खूश होईल असं काहीतरी लिहिणं त्याला भाग होतं. "आता हे खूश करणारं हाय का," काका म्हणाले, "का भ्यालेलं हाय, ते तुमचं तुमी ठरवा."

सुरुवातीलाच खालच्या आवाजाची तंतुवाद्यं एक मोठी उडी मारतात आणि त्यांच्या मागोमाग वरच्या आवाजाची तीच उडी मारतात, जणू एकाने दुसऱ्याला ओरडून विचारलं आणि दुसऱ्याने तोच प्रश्न परत केला. मग बराच वेळ व्हायोलिनची एक लांब, बारीक ओळ चालत राहते. तिला कुठे जायचं आहे ते तिलाच माहीत नाही, असं वाटतं. अचानक खाली पियानोचे ठोके सुरू होतात, त्यांवर पितळी वाद्यं येतात, चाल वाढते, आणि थोड्या वेळापूर्वी बिचारी वाटलेली तीच ओळ बूट घालून अंगावर येते. मी खुर्चीत मागे सरकले होते. आवाज मोठा असला की मी घाबरते असं नाही, मी आवाजातच वाढले आहे. पण हा आवाज कुणीतरी मुद्दाम माझ्यासाठी वाढवत नेल्यासारखा होता.

मग सगळं शांत होतं. बासरी येते. शेवटी व्हायोलिनचा एक धागा आणि खाली नगाऱ्याची लांबवरची धडधड एवढंच उरतं. मला वाटलं, संपलं. मी डोळे उघडले, तर बाकीच्यांचे मिटलेले होते. सरांच्या चेहऱ्यावर हसू होतं. काकांचं एक बोट हवेत हळूहळू वर जात होतं. काहीतरी चाललं होतं. खोलीत सगळ्यांसाठी काहीतरी वाजत होतं आणि माझ्यासाठी उजव्या कानाशी ठेवलेला पंखा फिरत होता.

पहिला भाग झाल्यावर काकांनी थांबवलं. सर म्हणाले, "ती शेवटची चेलेस्टा." काकांनी समजावलं की ते पेटीसारखं दिसणारं वाद्य आहे, आत धातूच्या पट्ट्या असतात, बारीक घंट्यांसारखं वाजतं. मैत्रीण म्हणाली, "मलापण तेच. पायऱ्या चढतंय असं वाटतं, आणि वर कोण नाहीच." मग माझी पाळी आली आणि मी ते वाक्य बोलले.

काका खूश झाले. एवढे खूश होतील असं मला वाटलं नव्हतं. "नवीन पोरीला ती जागा सापडली," ते म्हणाले. "लोक मोठ्या आवाजावर भाळत्यात. तू एक काम कर. माझ्याकडं ह्याची पाच रेकॉर्डिंगं हाईत. पाची ऐक. ती चेलेस्टा कुणी सगळ्यात चांगली ठेवलीया ते पुढल्या शनिवारी आमाला सांग. सगळी सिंफनी ऐक, पर त्या जागेवर बोल."

मी मान डोलावली.

त्या मान डोलावण्याबद्दल सांगायला हवं. इचलकरंजीत आमचं घर यंत्रमागाच्या कारखान्याच्या भिंतीला लागून आहे. आप्पा त्याच कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून चालू करणारे. आई तिथेच कांड्या भरते. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात, उभ्या धाग्यांतून वेगाने इकडून तिकडे जाणाऱ्या लाकडी तुकड्यात, बसते ती सुताची नळी. कारखान्यात सगळे माग चालू असताना बोलणं ऐकू येत नाही. समोरचा ओठ हलवतो, हाताने खूण करतो आणि आपण मान डोलावतो. कळलं तरी डोलवायची, नाही कळलं तरी डोलवायची. दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही, कारण दुसऱ्यांदाही ऐकू येणार नसतं. कामाला लागायचं आणि कामातून कळून घ्यायचं. ही सवय आमच्या घरात ताटापर्यंत आलेली आहे. "अजून भात?" याला आम्ही सगळे मान डोलावतो, मग भात नको असला तरी खातो.

आप्पांना आता जवळजवळ ऐकू येत नाही. शेजारच्या काकी म्हणतात, "तुमच्या टीव्हीवर आमची शिरेल बघून व्हती, आमचा बंदच ठेवतो." आप्पा हसतात, कारण त्यांनी काकींचे ओठ वाचलेले असतात. मी लहानपणापासून ठरवलं होतं की आपण शिकायचं, म्हणजे कारखाना आपल्या वाट्याला येणार नाही. मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, भौतिकशास्त्र. पुढे शिक्षिका व्हायचं आहे. शेवटच्या बाकावरच्या मुलीने हळू आवाजात विचारलेली शंका जिला ऐकू जाते अशी शिक्षिका. आमच्या शाळेत तशी एकच होती.

काकांच्या सुनेने पाचही रेकॉर्डिंगं माझ्या मोबाइलवर टाकून दिली. मी वहीत पाच रकाने आखले.

पहिलं रेकॉर्डिंग सगळ्यात जुनं, त्यात खरखर होती आणि प्रेक्षकांतला एक माणूस सारखा खोकत होता. तिथल्या पितळी वाद्यांचा आवाज चिरका होता, पत्र्यावर खिळा ओढावा तसा, पण त्या वादकांना ती भीती ठाऊक आहे असं वाटायचं. दुसरं इतकं स्वच्छ की मला त्यात कुणी घाबरलेलं दिसलं नाही. तिसरं घाईत होतं, त्याचा पहिला भाग चौदा मिनिटांत संपायचा. चौथा वादकवृंद त्याच भागाला अठरा मिनिटं घ्यायचा आणि ती लांब ओळ इतकी हळू न्यायचा की मला मध्येच श्वास घ्यायचं आठवायचं. पाचव्यात सगळं जवळ होतं, बासरीवाल्याचा श्वाससुद्धा.

आणि पाचही रेकॉर्डिंगांच्या पहिल्या भागाच्या शेवटी व्हायोलिनचा धागा, नगाऱ्याची धडधड आणि मग काही नाही.

आधी मी मोबाइलला दोष दिला. मग इअरफोनला. मैत्रिणीचा इअरफोन घेतला, तरी तेच. रविवारी दुपारी हॉस्टेलच्या खोलीत मी तिला म्हणाले, "तू ऐक ना एकदा. मला तुझं मत पाहिजे." ती एक टोक तिच्या कानात आणि एक माझ्या कानात घालून बसली. डावं तिच्याकडे, उजवं माझ्याकडे होतं. शेवट आला तशी ती म्हणाली, "हं, आता." तिचं बोट चादरीवर पायऱ्या चढायला लागलं. चार पायऱ्या, थांबली. पुन्हा वर. मी तिच्या बोटाकडे बघत होते. "काय भारी हाय की नाही?" तिने विचारलं. मी मान डोलावली.

तिने पाचही ऐकली. पहिल्यात खरखरीत बुडलंय पण आहे, दुसऱ्यात काच, तिसऱ्यात पटकन येऊन जातं, चौथ्यात थंड, पाचव्यात सगळ्यात स्पष्ट. तिचे शब्द मी वहीत रकान्यांत लिहून घेतले, शेजारी मिनिट आणि सेकंद. परीक्षेला बसावं तशी तयारी झाली होती. वही बंद केली आणि तेव्हा मला पहिल्यांदा नीट भीती वाटली. खोटं उघडं पडेल याची नाही. हे खोटं चालून जाईल आणि पुढचंही चालून जाईल, याची.

पुढचे तीन दिवस मी माझे कान तपासत होते. घड्याळ डाव्या कानाला लावायचं, मग उजव्या. मेसमधल्या कुकरची शिटी. डास. वर्गात सर फळ्याकडे तोंड करून बोलायला लागले की मला शब्द कळत नाहीत हे माझ्या लक्षात आलं. आतापर्यंत मला वाटायचं की सगळ्यांनाच कळत नाहीत. आणि मी मैत्रिणीच्या नेहमी डाव्या हाताला चालते, म्हणजे ती माझ्या उजवीकडे येते. हे मी कधी ठरवलं होतं? काहीच आठवेना. पुस्तकातलं ध्वनीचं प्रकरण माझं सगळ्यात पक्कं, त्यात मला पैकीच्या पैकी गुण होते. वारंवारता, तीव्रता, सगळं पाठ. ते प्रकरण कुणाबद्दल आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

बुधवारी कॉलेजच्या वाचनालयात मी पाचवं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं आणि घाईत इअरफोन उलटे घातले. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. शेवट आला. व्हायोलिन, नगारा, आणि मग उजव्या कानात तांदळाचा एकेक दाणा स्टीलच्या ताटात पडावा तसं काहीतरी सुरू झालं. एक, एक, एक, वर. थांबलं. पुन्हा वर. मला आधी कळलंच नाही की हेच ते. मैत्रीण म्हणाली होती तसंच होतं, पायऱ्या आणि वर कोणीच नाही.

मी इअरफोन सरळ केले. काही नाही. उलटे केले. आहे. सरळ, नाही.

चेलेस्टा त्या रेकॉर्डिंगमध्ये, आणि मग उलटसुलट लावून बघितलेल्या बाकीच्यांतही, डाव्या बाजूला बसवलेली होती (पहिल्यात ती खरखरीखाली जेमतेम होती), आणि माझी डावी बाजू बंद होती. मोठे आवाज तिथून आत येत होते, बारीक येत नव्हते. समोरच्या टेबलावरच्या मुलाने वर बघितलं. मी बहुधा काहीतरी बोलले असेन. केवढ्याने बोलले ते मला माहीत नाही.

गुरुवारी दुपारी मी घरी गेले. त्या दिवशी कारखान्याला साप्ताहिक सुट्टी होती, भिंतीपलीकडे सगळं गप्प. एरवी हलणारी मांडणीतली भांडीसुद्धा स्थिर. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. आप्पा दारात बसले होते.

मैत्रिणीचा छोटा स्पीकर मी बरोबर आणला होता. आप्पांना लगेच सांगायचं धाडस होईना, म्हणून स्पीकर त्यांच्या पुढ्यात ठेवला. शेवटचा भाग लावला, जो काकूंच्या हाकेमुळे बैठकीत राहून गेला होता. त्या भागाच्या अखेरीला सगळी वाद्यं एकच सूर पुन्हा पुन्हा ओढत राहतात, वर तुतारीसारखी विजयाची गर्जना, आणि शेवटी नगारा तेच ठोके घालत बसतो. हा आनंद आहे की दुसरं काही, यावर म्हणे लोक अजून भांडतात. तिसऱ्या रेकॉर्डिंगात ते सगळं पळत जातं, मिरवणुकीसारखं. चौथ्यात इतकं हळू की प्रत्येक ठोका डोक्यात पडतो.

आप्पांनी स्पीकरवर पंजा ठेवला. बिघडलेल्या मागावर ठेवतात तसाच. चालू मागांच्या गदारोळात ते कानाने काही शोधत नाहीत, चौकटीवर हात ठेवतात आणि कुठे काय ढिलं झालंय ते सांगतात. त्यांनी आधी तिसरं ऐकलं, म्हणजे हाताने. मग चौथं. डोळे माझ्या तोंडाकडे.

"पयला बरा चाललाय," ते म्हणाले. आप्पा फार मोठ्याने बोलतात. "दुसऱ्यात ताण लय हाय."

"चांगला कुठला?" मी ओठ मोठे हलवून विचारलं.

"चांगला-वाईट मला न्हाई कळत. पर असल्या मागाजवळ मी पोरास्नी हुभं राहू देत न्हाई. ह्यातनं धोटा उडतोय."

आईने चुलीपासून विचारलं, "आन तुमची पोरगी कुठं बसत हुती?"

मी तिच्याकडे बघितलं. ती तव्यावरची भाकरी उलटत होती. "कांड्याच्या मशीनपाशी बसून अभ्यास करायची की. मला हालायला येत न्हवतं, मग हिला शेजारी घेऊन बसायचो. भिताडाकडं उजवी बाजू, मागाकडं डावी. सात-आठ वर्सं."

हे तिने का सांगितलं, तिला काही संशय होता का, मला माहीत नाही. मी तेव्हाच बोलायचं ठरवलं. आईला कळू नये म्हणून आवाज न काढता, फक्त ओठांनी, मी आप्पांना सांगितलं की मला डाव्या कानाने बारीक आवाज ऐकू येत नाहीत, आणि बैठकीतल्या सुताच्या काकांना मी ऐकू आल्याचं खोटं सांगितलं आहे. आप्पांचा हात स्पीकरवरच होता. तो त्यांनी उचलला नाही.

मला विसर पडला होता की ओठ वाचण्यात आई आप्पांच्या पुढे आहे.

"कुणाला बोलू नगंस," ती म्हणाली. भाकरी तव्यावर तशीच राहिली. "कुणालाच. तुझ्या मैतरणीला न्हाई, कालिजात न्हाई. कानानं कमी हाय म्हटलं की संपलं. नोकरी न्हाई, सोयरीक न्हाई. एवढं शिकलीस, लोक तेवढंच बघत्यात. दुसरा कान हाय नव्हं? चालतंय."

"आई, पण वाढलं तर?"

"वाढत न्हाई." ती हे कुठल्या आधारावर म्हणाली ते तिलाही माहीत नव्हतं. तिने रिकामी परात पदराने पुन्हा पुन्हा पुसायला घेतली. माझी भीती मला तिच्या हातात दिसली, आणि ती माझ्या भीतीपेक्षा मोठी होती, कारण तिच्या भीतीत ती स्वतः गुन्हेगार होती.

भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा आप्पा म्हणाले, "धा वर्सं मी नुसती मान हालवली. म्हायती हुतं मला. जॉबरला ऐकू येत न्हाई म्हणल्यावर कोण ठेवंल? हालवत ऱ्हायलो. मग इच्यारायचंच बंद झालं लोकांचं." मग माझ्याकडे वळून, "दावून ये."

"अवो पर," आई म्हणाली.

"दावून ये. आन त्या सुताच्या शेटजींना खरं सांग. मान हालवू नगंस."

शनिवारी तीनला मी वही घेऊन माडी चढले. रस्ताभर मी दोन्ही भाषणं मनात म्हणत होते. पाचवं रेकॉर्डिंग सगळ्यात स्पष्ट, चौथं थंड, दुसऱ्यात काच; ते पाठ होतं आणि त्यावर कुणी शंका घेतली नसती. दुसऱ्या भाषणाला मी सुरुवात करायचे आणि पुढे शब्द नसायचे. काही महिन्यांत कष्टाने मिळवलेली खुर्ची त्या खोलीत मला होती. मला वाटत होतं की ऐकता न येणाऱ्या माणसाला ऐकणाऱ्यांच्या बैठकीत कोण बसू देईल.

काकांनी डोळे मिटले. "हं, सांग बाळ."

मी वही उघडली नाही. म्हणाले, "काका, मागच्या शनिवारी मी खोटं बोलले. ती जागा मला ऐकू आली नव्हती. पाचांतल्या एकाही रेकॉर्डिंगमध्ये आली नाही. मग इअरफोन उलटे घातले तेव्हा आली. माझा डावा कान बिघडलाय." आणि मग, का कोण जाणे, "माझे आप्पा जॉबर आहेत," हेही सांगितलं. ते मी त्या खोलीत कधी सांगितलं नव्हतं.

मैत्रीण माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे माझं मत पाहिजे म्हणून मला पाच पाच वेळा बसवलंस ते," ती म्हणाली. तबल्याचे सर म्हणाले, "माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांचे दोन्ही कान ठीक आहेत, तरी त्यांना सम ऐकू येत नाही."

काका मात्र डोळे उघडून खाली बघत होते. चुकलं असं वाटून मी उठायला लागले, तेव्हा ते म्हणाले, "बस. मलाबी ती ऐकू येत न्हाई."

कुणाला काही समजेना.

"पाच-सहा वर्सं झाली. वयानं बारीक आवाज जात्यात, डाक्टर म्हणला. मला ठाऊक हाय ती कुठं येती, म्हणून ऐकू येती. बोट आपोआप वर जातंय. म्हणून तर तुला काम लावलं. म्हटलं, कुणीतरी मला सांगंल पाचांत ती कशी हाय. मी इसरायला लागलोय."

सर त्यांच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं शेजारी बसून त्यांनाही माहीत नव्हतं.

हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण काकांचं सत्तरीत गेलं आणि त्याआधी त्यांनी ती जागा शेकडो वेळा ऐकलेली आहे. माझं विसाव्या वर्षी जातंय आणि मी ती जेमतेम तीन दिवस ऐकली आहे. काकांना विसरायची भीती आहे. मला अजून ऐकायचंच आहे. मी वही उघडली आणि माझ्या उजव्या कानाने जे ऐकलं होतं ते पाचांबद्दल सांगितलं. मैत्रिणीचे शब्द वापरले नाहीत. पाचव्यात तांदळाच्या दाण्यांसारखं आहे, म्हणाले. काकांनी डोळे मिटले. त्यांचं बोट या वेळी वर गेलं नाही, ते मांडीवर होतं, आणि ते ऐकत होते. काकूंची हाक आली तेव्हा ते म्हणाले, "थांब जरा," आणि त्या घरात हे कधी झालं नव्हतं.

सोमवारी मैत्रीण माझ्याबरोबर दवाखान्यात आली. तपासणीचा निकाल आधी सांगून टाकते. डाव्या कानाची रेघ कागदावर एका ठिकाणी खड्ड्यासारखी खाली गेली आहे. उजव्याची किंचित. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलं ते परत येत नाही. मोठ्या आवाजापासून लांब राहिलं तर आहे ते टिकेल, दर वर्षी दाखवायला या. टिकेलच का, असं मी विचारलं तर त्या म्हणाल्या, टिकायला पाहिजे. आईला मी फोनवर एवढंच सांगितलं की टिकेल. तिने विचारलं, "कुणी बघितलं न्हाई नव्हं तुला तिथं?" ती अजून रोज त्याच मशीनवर कांड्या भरते, आणि मी कापसाचे बोळे नेऊन दिले तर ते ती कनवटीला खोचून ठेवते.

पण मला तपासणीची ती काचेची खोली आठवते. खोक्यासारखी, आतून मऊ अस्तर लावलेली. दार बंद झालं तशी माझ्या आयुष्यातली पहिली पूर्ण शांतता झाली. बाहेरून बाई काचेतून बोलल्या, मी ओठांवरून ओळखलं: आवाज आला की बटण दाबायचं, कितीही बारीक असला तरी. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा हात यंत्रावर कधी हलतो ते मला दिसत होतं. खांदा जरासा वर जायचा. त्या खांद्यावरून मी सगळी परीक्षा पास होऊ शकले असते, मैत्रिणीच्या बोटावरून झाले होते तशी.

मी डोळे मिटले. उजव्या कानात आवाज येत होते, मी दाबत होते. मग डाव्याची पाळी आली. आधी जाडे आवाज, मग मधले. मग काही नाही. खूप वेळ काही नाही. बाहेर नक्कीच काहीतरी वाजवलं जात होतं, एकामागून एक, वर चढत. अंगठा बटणावर होता आणि तो आपोआप खाली जायला बघत होता, मान डोलते तसा. मी तो धरून ठेवला. त्या अंधारात मी वाट बघत बसले, आणि ऐकू आलं नाही तोवर दाबलं नाही.